गांडूळ खताचा तीन ट्रेचा किट: सोलापूरच्या उन्हाळ्यासकट वर्षभराचा अनुभव

मागच्या फेब्रुवारीत जुळे सोलापुरातल्या आमच्या घरासाठी हा किट घेतला. एकावर एक बसणारे तीन ट्रे, खाली तोटीचा डबा, कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुश्याची) एक वीट आणि अर्धा किलो गांडुळं, सगळं मिळून २,६०० रुपये. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माल चांगला आहे, चूक सोबतच्या माहितीपत्रकात आहे.

पत्रकात लिहिलंय, 'सावलीत ठेवा'. गच्चीवर हिरवी जाळी होतीच, तिच्याखाली ठेवला. दीड महिना सगळं सुरळीत चाललं. एप्रिलमध्ये पारा ४२ च्या पुढे गेला आणि एका दुपारी झाकण उघडलं, तर गांडुळं झाकणाला आतून चिकटलेली, निम्म्याहून जास्त वाळून सुतळीसारखी झालेली. आपण आणलेले मुके जीव आपल्याच हातून गेले, म्हणून त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. या लाल गांडुळांना साधारण १५ ते ३० अंश मानवतं, ३५ च्या वर ती तगत नाहीत. आपल्याकडे सावलीतली हवासुद्धा त्याहून तापलेली असते. सोलापुरात विकायच्या किटवर हा आकडा पहिल्याच ओळीत हवा.

उपाय सासूबाईंनी सांगितला. त्या मंगळवेढ्याच्या. म्हणाल्या, "माठ ठेवतीस तिथं ठेव की त्यांना." उरलेली गांडुळं घेऊन किट खाली जिन्याखालच्या कोपऱ्यात आणला, माठाच्या शेजारी. भोवती ओलं पोतं गुंडाळलं, सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी शिंपडलं. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, पण याला दिवसाला दोन तांबे पुरतात. आख्खा मे निघाला आणि नंतर एकही गांडूळ मेलं नाही.

कोकोपीटपेक्षा बारीक तोडलेला कडबा आणि महिनाभर मुरलेलं शेण त्यांना जास्त आवडलं. ताजं शेण अजिबात घालू नका, ते आतून तापतं. भाजीची देठं, केळीची साल, चहाचा धुतलेला चोथा चालतो. लिंबाची सालं, कांदा आणि तेल-तिखटाचं काहीही नको. शेंगाचटणीचं ताट खरवडून त्यात टाकायचा मोह आवरा. मुंग्यांसाठी किटचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेत.

खोक्यावर 'रोज १ किलो कचरा' छापलंय, ते पटलं नाही. अर्धा किलो गांडुळं असली, तरी दिवसाला पाव किलोच्या वर घातलं की आंबूस वास सुटतो आणि चिलटं होतात.

जूनच्या शेवटी वरचा थर बाजूला केला, तेव्हा मोहरीहून थोडे मोठे, पिवळट, इवल्याशा लिंबासारखे दिसणारे गांडुळांच्या अंड्यांचे कोष दिसले. एक तळहातावर घेतला, उजेडात धरला, तर आत काहीतरी हललं. पंधरवड्यात दोऱ्यासारखी पांढुरकी पिल्लं सगळीकडे. तेवढ्यासाठी मी सासूबाईंना हाका मारून बोलावलं.

पहिलं खत निघालं साडेतीन किलो, चहाच्या भुकटीसारखं, वास पहिल्या पावसाच्या मातीचा. मोगऱ्याच्या कुंडीला दोन-दोन मुठी घातलं. ट्रेमधून झिरपून तोटीतून येणारं पाणी दहापट पाण्यात मिसळून कढीपत्त्याला देते, त्याची पानं आता गडद आणि रुंद येतात.

तोटी मात्र सहा महिन्यांत गळायला लागली, ती बदलून मिळाली नाही. बोहऱ्याच्या हार्डवेअरमधून ४० रुपयांची आणून बसवली.

पाचपैकी चार देईन. घ्यायचा असेल तर पावसाळा लागल्यावर किंवा दिवाळीच्या सुमारास घ्या, फेब्रुवारी-मार्चमध्ये नको. आणि गच्चीवर नको, माठाशेजारी ठेवा. आता माझा तिसरा ट्रेही भरत आलाय, तेव्हा चौथा सुटा मिळतो का ते या आठवड्यात विचारून येणार आहे.