बल्लारशाचं सागवान म्हणून घेतलं, निघालं ओलं पांढरं लाकूड

मूल तालुक्यातल्या आमच्या गावात माझा आणि बायकोचा फर्निचरचा छोटा स्टुडिओ आहे. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी असतो ना, त्यावरून आम्ही लेकरांसाठी डुलणारी स्टुलं करतो. पाठीवर बसायचं, शिंगं धरायची. यंदा नागपूरच्या एका पाळणाघरानं १४ मागवली.

पोळा तोंडावर होता. एक व्यापारी नमुना घेऊन आला, सोनेरी, हाताला तेलकट लागणारा. "भाऊ, बल्लारशाच्या वनखात्याच्या डेपोतल्या लिलावाचं सागवान आहे, डोळे मिटून घ्या." भाव घनफुटामागे हजारानं कमी. बिल आणि वाहतूक परवाना दोन दिवसांत देतो म्हणाला. मी ३०,००० रुपये रोख दिले. इथंच चुकलो.

फळ्या पाहताच आमचे सुतारकाका म्हणाले, "दादा, हे अजून झाडच आहे." मी घाईत ऐकलं नाही, याचं फार वाईट वाटतं. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली आणि सांधे उघडले. एका लेकराच्या हातात शिंगच आलं. पोरगं पडलं नाही, पण तो फोन आला तेव्हा माझे हातपाय गार पडले.

उरलेल्या फळीवर थिनरचा बोळा घासला, तो तपकिरी झाला. रंध्याखाली आत सगळं पांढरं. सागाचा टिकाऊ भाग म्हणजे गाभा. बाहेरच्या कच्च्या लाकडाला कीड लागते, तेच रंगवून दिलं होतं. एक तुकडा तोलला, ४१२ ग्रॅम. ओव्हनमध्ये १०० अंशांच्या जरा वर, वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवला, ३१८ भरला. गेलेलं पाणी ९४ ग्रॅम, त्याला कोरड्या वजनानं भागलं तर जवळपास ३० टक्के ओल. फर्निचरला १०-१२ टक्के चालते. ही परीक्षा पैसे देण्याआधी करा, आणि नमुन्याची नको, गाडीतल्या कुठल्याही फळीची.

परवाना हातात आल्याशिवाय माल उतरवूच नका. चोरीचं लाकूड निघालं तर वनखातं तुमच्याच अंगणातून जप्त करतं.

चौदाही स्टुलं आम्ही परत आणली, पैसे फेडतो आहोत. त्या माणसाचा नंबर बंद आहे. पण निळ्या ताडपत्रीवर रचलेल्या फळ्यांचा त्याचा तोच फोटो परवा सुतारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसऱ्याच नंबरवरून आला.