गोलान आणि वेस्ट बँक: कायदा लागू करण्याच्या दोन तऱ्हा

जून १९६७ च्या युद्धात इस्रायलने सीरियाकडून गोलानचे पठार आणि जॉर्डनकडून वेस्ट बँक, असे दोन्ही प्रदेश ताब्यात घेतले, पण कायदा मात्र वेगवेगळ्या वाटांनी आणला. १९०७ च्या हेग नियमावलीतले, म्हणजे युद्धाच्या आंतरराष्ट्रीय नियमांतले, कलम ४३ सांगते की, अगदीच अशक्य नसेल तर प्रदेश ताब्यात घेणाऱ्या सत्तेने तिथला चालू कायदा पाळावा.

गोलानमध्ये ते गुंडाळून ठेवले. १४ डिसेंबर १९८१ ला संसदेने एक छोटासा कायदा करून इस्रायलचा कायदा, न्यायाधिकार आणि प्रशासन तिथे लागू केले. तीनच दिवसांत सुरक्षा परिषदेने ठराव ४९७ द्वारे तो निरर्थक ठरवला. तिथल्या द्रुझ (अरबी बोलणारा एक धार्मिक समुदाय) रहिवाशांनी इस्रायली ओळखपत्रे नाकारत १९८२ मध्ये दीर्घ संप केला. तरी रोजच्या व्यवहारात दिवाणी न्यायालये इस्रायलचीच.

वेस्ट बँकेत प्रकार गुंतागुंतीचा, आणि आमच्या मते जास्त चलाखीचा. ७ जून १९६७ च्या लष्करी घोषणेने जुना कायदा कायम ठेवला. त्यामुळे १८५८ चा ऑटोमन जमीन कायदा, ब्रिटिश काळातले नियम, जॉर्डनचे कायदे आणि वर लष्करी आदेश, असे थरावर थर साचले. जमीन कसली नाही तर ऑटोमन कायद्याचाच आधार घेऊन ती ‘सरकारी’ ठरवता येते. वेस्ट बँकेत इस्रायलने वसवलेल्या वसाहतींतल्या इस्रायलींना मात्र आणीबाणी नियमांद्वारे इस्रायली कायदा लागू होतो. गुन्हा एकच असला, तरी पॅलेस्टिनी लष्करी न्यायालयात आणि वसाहतवाला इस्रायली न्यायालयात! या नियमांची मुदत वेळोवेळी वाढवावी लागते, हा या रचनेचा कच्चा दुवा: जून २०२२ मध्ये संसदेत मुदतवाढ फेटाळली गेली आणि त्याच महिन्यात संसद बरखास्त झाली, म्हणून नियमांची मुदत आपोआप वाढली.