ऑनलाइन भागीदार शोधून देणारी सेवा: वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या आठवड्यात बँकेचा संदेश आला की, या सेवेची पुढील वर्षाची वर्गणी दुसऱ्या दिवशी माझ्या खात्यातून वळती होणार आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी सूचना किमान 24 तास आधी द्यावी लागते, पण 15,000 रुपयांपर्यंतची आवर्ती वर्गणी ओटीपीशिवाय कापली जाते; म्हणजे तो संदेश नजरेतून सुटला असता, तर पैसे गेले असते. मी आदेश थांबवला आणि वर्षभरात या सेवेने काय दिले व काय घेतले, याचा हिशेब मांडायला बसले. ग्राहक सेवेकडे माझी एक तक्रार अजून पडून आहे, म्हणून सेवेचे नाव लिहीत नाही. आपल्या मालाला पूरक व्यवसाय शोधणे, त्यांना भागीदारीचा प्रस्ताव पाठवणे, दोघांच्या विक्रीचा माग ठेवणे आणि कमिशनचा हिशेब करणे, हे अशा सेवांचे काम वाचकांना ठाऊक आहे असे मी धरून चालते.

आमचा उद्योग अमळनेरचा. खान्देशी काळा मसाला, बिबडे (ज्वारीचे पापड), उडदाचे पापड आणि कळण्याचे, म्हणजे ज्वारी-उडदाचे पीठ आम्ही घरपोच पाठवतो. गिऱ्हाईक मुख्यतः खान्देशाबाहेर गेलेले खान्देशी: नाशिक, पुणे, कल्याण आणि सुरतेतील उधना-लिंबायत भाग. या लोकांपर्यंत जाहिरातीने पोहोचायचे तर प्रत्येक क्लिकचे पैसे मोजावे लागतात, आणि त्यातले बरेच क्लिक ज्यांना बिबडे म्हणजे काय हेही माहीत नाही अशांचे असतात. त्यापेक्षा ज्यांच्याकडे हा वर्ग आधीपासून विश्वासाने येतो, त्यांच्याशी हातमिळवणी करावी, हा सरळ विचार होता.

शोधाच्या बाबतीत सेवेला पूर्ण गुण देते. सुरुवातीला माझे मत असे नव्हते. ‘खान्देशी’ असा शब्द टाकला की निराळी यादी येते, ‘खानदेशी’ टाकला की निराळी, आणि रोमन लिपीत टाकला की तिसरीच. तिन्ही याद्या आपणच जुळवत बसायचे. शिवाय पहिल्या पानावर सगळे मसालेवाले, म्हणजे थेट स्पर्धक. पण ‘सामायिक प्रेक्षक’, म्हणजे आपला आणि त्यांचा ग्राहकवर्ग किती एक आहे, असा जो आकडा प्रत्येक नावापुढे दिसतो, तो पहिले काही महिने मी शोभेचा समजत होते आणि तो खरोखर कामाचा निघाला. त्याच्या आधारे समोर आलेली नावे मला स्वतःहून सुचली नसती. पुण्यात खान्देशी जेवणाच्या ऑर्डरी घेणारे एक कुटुंब, कानबाई या खान्देशी देवीची गाणी ध्वनिमुद्रित करून टाकणारा एक गट, भरितासाठी वांगी भाजण्याच्या जाळ्या विकणारा एक छोटा कारखानदार, आणि अहिराणीत पाककृती सांगणाऱ्या नाशिकच्या एक ताई. यांतले कोणीही पापड विकत नाही, आणि यांच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस पापड खातो. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून त्या वांग्याच्या नावाने होणारी विक्री आम्ही पाहत होतो. पण जाळी विकणारा हा आपला नैसर्गिक भागीदार आहे, हे त्या आकड्यानेच दाखवले.

‘पोहोच’ या रकान्यावर मात्र विश्वास ठेवू नये. तो समोरच्याने स्वतः भरलेला असतो. एकाने व्हॉट्सॲपवर पाच हजार जणांची यादी असल्याचे लिहिले होते. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत 256 क्रमांकच बसतात, आणि संदेश मिळतो तोही ज्यांनी आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच. ज्याचा क्रमांक कोणी जतन केलेला नाही, त्याच्या पाच हजारांचा उपयोग शून्य. त्यामुळे मी आता रकाना सोडून देते आणि समोरच्याकडे मागील तीन संदेश किती जणांनी पाहिले याचे छायाचित्र मागते. खरे काम करणारा ते लगेच पाठवतो, उरलेले गप्प होतात.

आता मूळ तक्रारीकडे येते. भागीदार सापडल्यावर त्याला पहिला संदेश सेवेच्या चौकटीतूनच पाठवावा लागतो, कारण उत्तर येईपर्यंत त्याचा पत्ता आपल्याला दाखवला जात नाही. या चौकटीत दोन मार्ग आहेत. सेवेने तयार ठेवलेला मजकूर निवडला, तर तो विनामूल्य जातो. स्वतः लिहिले, तर अक्षरांवर क्रेडिट कापले जाते: रोमन लिपीत 160 अक्षरांना एक, आणि देवनागरीत 70 अक्षरांना एक. वर्गणीत दरमहा ठरावीक क्रेडिट मिळते, उरलेले महिनाअखेरीस बुडते, आणि जास्तीचे विकत घ्यावे लागते.

ही 160 आणि 70 ची विभागणी कोठून आली हे मला माहीत आहे. मोबाइलच्या एसएमएसमध्ये साध्या रोमन लिपीची 160 अक्षरे बसतात, आणि देवनागरीसारखी लिपी आली की युनिकोडमुळे ती मर्यादा 70 वर येते. तेथे ते समजण्यासारखे आहे. पण ही सेवा संदेश एसएमएसने पाठवतच नाही, ईमेलने पाठवते, आणि ईमेलला असे कोणतेही बंधन नाही. जी मर्यादा तंत्रात नाही, ती केवळ दरपत्रकात आणून ठेवली आहे. त्यात मोजणीची पद्धत अशी की काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, सगळे स्वतंत्र अक्षर धरले जाते. ‘खान्देश’ हा शब्द पाहणाऱ्याला तीन अक्षरांचा दिसतो, चौकटीतला आकडा मात्र सातने पुढे सरकतो. 70 मध्ये मराठीचे जेमतेम दहा-अकरा शब्द बसतात. ‘नमस्कार ताई, मी अमळनेरहून लिहीत आहे’ इतके म्हणेपर्यंत अर्धे क्रेडिट संपलेले असते, आणि कामाचे बोलणे अजून सुरू व्हायचे असते.

पैसे किती गेले, हा प्रश्न दुय्यम आहे, जरी ते मला लागले. खरा दोष असा की, ज्या गोष्टीवर भागीदारी जुळते किंवा मोडते, नेमकी तीच गोष्ट महाग करून ठेवली आहे. अनोळखी माणसाला प्रस्ताव देताना त्याचे काम आपण पाहिले आहे, हे त्याला पहिल्या दोन ओळींत कळले पाहिजे. तयार मजकुरात ते शक्यच नाही. त्यातला मराठी मजकूर असा आहे: ‘प्रिय निर्माते, आपली सामग्री आमच्या दृष्टीस पडली व आम्ही प्रभावित झालो. चला एकत्र वाढूया.’ मी तो फुकट म्हणून पाठवून पाहिला, तेव्हा नाशिकच्या त्या ताईंचे उत्तर आले की, ‘ताई, हाच मजकूर मला एका लोणचेवाल्यांकडून आणि एका चादरीवाल्यांकडूनही आला आहे. तुम्ही तिघी एकाच घरातल्या का?’ या उत्तरावर काय बोलावे ते सुचेना.

नंतर मी त्यांना स्वतः लिहिले, क्रेडिट जळले तरी. त्यांच्या कळण्याच्या भाकरीच्या चित्रफितीत पीठ भिजवताना त्या उडदाचे प्रमाण थोडे कमी सांगतात, आणि खालील प्रतिक्रियांत दोघी-तिघींनी भाकरी चिरते असे लिहिले होते. आमच्या पिठात प्रमाण आधीच जुळवलेले असते, तेव्हा एक पिशवी पाठवते, तुम्ही करून पाहा, पटले तर बोलू, एवढेच लिहिले. कमिशनचा उल्लेखही केला नाही. त्यांचे उत्तर अहिराणीत आले: ‘पहिले पीठ धाडा, मंग देखसूत’ (आधी पीठ पाठवा, मग पाहू). पीठ गेले, भाकरी झाली, आणि आज आमच्या पिठाची सर्वांत जास्त विक्री त्यांच्यामार्फत होते.

या अनुभवानंतर मी ग्राहक सेवेला लिहिले की, देवनागरीसाठी निराळा दर लावण्याचे कारण सांगा. पहिले उत्तर यंत्राने दिलेले होते, ‘आपला अभिप्राय मोलाचा आहे’ अशा चालीचे. दुसऱ्यांदा लिहिल्यावर एका कर्मचाऱ्याने कळवले की, प्रणाली आंतरराष्ट्रीय मानकांनुसार मोजणी करते. ते मानक एसएमएसचे आहे, ईमेलचे नाही, असे मी पुन्हा कळवले. तेव्हापासून तक्रारीपुढे ‘विचाराधीन’ असा शिक्का आहे. मराठी व्यापाऱ्याकडून मराठीत लिहिण्याचे दुपटीहून अधिक घ्यायचे आणि त्यावर पानाच्या माथ्याशी ‘आपल्या भाषेत व्यवसाय वाढवा’ असे छापायचे, हे मला अजूनही पचलेले नाही.

कमिशनबाबत सेवेचा सल्ला 30 ते 50 टक्के देण्याचा आहे. ऑनलाइन अभ्यासक्रम किंवा ईपुस्तके विकणाऱ्यांत निम्मे पैसे भागीदाराला देण्याचा प्रघात आहे, कारण तेथे दुसरी प्रत तयार करायला खर्च येत नाही. मसाल्याचे तसे नाही. नंदुरबारच्या बाजारातून आणलेली मिरची, सुके खोबरे, भाजणावळ, कांडप, पाकीट आणि कुरिअर वजा केल्यावर 400 रुपयांच्या ऑर्डरीत जे उरते, त्यातून 200 रुपये कोणाला देणार? आम्ही 12 टक्क्यांपासून सुरुवात केली, आणि पहिल्या बोलण्यातच हे गणित उघड मांडले. गंमत अशी की, गणित उघड केल्यावर कोणीही घासाघीस केली नाही. जाळीवाल्या कारखानदाराने तर कमिशन नकोच म्हटले. त्याने आमच्या मसाल्याचे छोटे पाकीट जाळीच्या खोक्यात टाकायचे आणि आम्ही त्याच्या जाळीचे पत्रक आमच्या पार्सलमध्ये, असा सौदा ठरला. वांग्याच्या हंगामात तो दोघांनाही पैशाच्या कमिशनपेक्षा फायद्याचा ठरला.

ऑर्डर नोंदली गेली की कमिशन जमा, असा या सेवेचा मूळ नियम होता आणि पहिले काही महिने त्याने मला फार त्रास दिला. आमच्याकडे अजूनही बरेच लोक माल हातात आल्यावर पैसे देतात. पार्सल दारातून परत आले, तर जाण्या-येण्याचे भाडे आमच्या माथी, आणि भागीदाराच्या खात्यात मात्र कमिशन दिसत राहते. ते परत मागायचे म्हणजे नाते बिघडवणे. मी या परिच्छेदात येथे कडक शब्द लिहिणार होते, पण पावसाळ्यात आलेल्या नव्या आवृत्तीत ‘पैसे जमा झाल्यावर’ असा पर्याय आला आहे. तो सेटिंगमध्ये तीन पडदे खाली दडलेला आहे आणि आपोआप चालू होत नाही, तरी आला आहे हे मान्य करते.

विक्री कोणत्या भागीदारामुळे झाली हे सेवा प्रत्येकाला दिलेल्या लिंकवरून ठरवते, पण त्या लिंकच्या मागावर मी अवलंबून राहत नाही. सुरतेची गिऱ्हाईक बाई लिंक उघडते, माल पाहते, आणि मग लिंक सोडून थेट आम्हाला फोन करते, ‘पापड ताजे आहेत ना?’ असे विचारते, आणि ऑर्डर फोनवरच देते. ती ऑर्डर कोणत्याही लिंकमध्ये दिसत नाही. म्हणून प्रत्येक भागीदाराला एक छोटा सवलतीचा शब्द ठरवून दिला आहे, जो फोनवरही सांगता येतो. सेवेत अशी हाताने नोंद करण्याची सोय आहे, ती चांगली आहे.

हिशेबाच्या पत्रकात कमिशनवर 5 टक्के उद्गम करकपात (टीडीएस) आपोआप दाखवली जाते. तो दर ऑक्टोबर 2024 मध्ये 2 टक्क्यांवर आला आहे. शिवाय मागील वर्षी 1 कोटी रुपयांपेक्षा कमी उलाढाल असलेल्या वैयक्तिक मालकीच्या व्यवसायाला ही कपात करण्याची गरजच नाही. हे आमच्या करसल्लागारांनी लक्षात आणून दिले, तोवर भागीदारांना कमी पैसे जात होते आणि ते मला नंतर पूर्ण करावे लागले. पैसे भागीदाराने माझ्याकडून मागितले, सेवेकडून नव्हे.

दोन गोष्टी सेवेत असायला हव्या होत्या आणि नाहीत. भागीदाराने मोबदला घेऊन माल सुचवला, तर तसे स्पष्ट लिहावे, असे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये सांगितलेले आहे. सेवेने त्याची आठवण कोठेही करून दिलेली नाही, त्यामुळे मीच प्रत्येकाला ‘जाहिरात’ हा शब्द वरच्या ओळीत टाकायला सांगते. दुसरे म्हणजे ‘ग्राहक यादीची अदलाबदल’ असे एक बटण तेथे खुशाल ठेवलेले आहे. लोकांनी आपला क्रमांक पापड मागवण्यासाठी दिला, तो दुसऱ्याला देण्यासाठी नव्हे, आणि 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभाही संमती हाच आहे. आम्ही एकमेकांच्या याद्या कधीच घेत नाही. प्रत्येकाने आपल्याच लोकांना, आपल्याच आवाजात सांगायचे, असे ठरलेले आहे. एका व्यावसायिकाने यादीशिवाय भागीदारी नाही असे सांगितले, तेव्हा तो विषय तेथेच संपला.

वार्षिक वर्गणी मी चालू ठेवलेली नाही. मासिक योजना महिन्याच्या हिशेबाने थोडी महाग पडते, पण आम्हाला ती वर्षातून दोनदाच लागते: आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी पापड-बिबड्यांसाठी आणि श्रावणात कानबाईच्या सणाआधी पिठासाठी. त्या दोन महिन्यांत नवी नावे शोधायची, एकेक क्रेडिट जपून पहिला संदेश पाठवायचा, उत्तर आले की पुढचे सगळे बोलणे फोनवर न्यायचे आणि महिना संपण्याआधी योजना थांबवायची. ज्यांना घ्यायची असेल त्यांनी घेतल्याबरोबर दोन कामे करावीत: कमिशन ‘पैसे जमा झाल्यावर’ वर न्यावे आणि बँकेतील आवर्ती आदेशाची मर्यादा एका महिन्याच्या रकमेइतकीच ठेवावी. देवनागरीच्या दराबाबत उत्तर आले, तर ते येथेच खाली लिहीन.