पैठण की खुलताबाद? एका दिवसात पायी फिरायचं तर

संभाजीनगरला पाहुणे आले की वेरूळ-अजिंठा होतं, बीबी का मकबरा होतो आणि मग हमखास प्रश्न येतो, "एखादं जुनं गाव गल्लीबोळांतून फिरवून, समजावून सांगणारं कुणी मिळेल का?" अशा वेळी माझ्या डोळ्यांपुढे दोनच गावं येतात. दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवरचं पैठण आणि वेरूळच्या अलीकडचं, पंचवीसेक किलोमीटरवरचं खुलताबाद. दोन्हीकडे मी जाणकारांबरोबर फिरलोय, एकटाही फिरलोय.

पैठणची फेरी घाटावरून सुरू करा, वाड्यापासून नको. बहुतेक जण गाडी थेट नाथमंदिराशी लावतात आणि सगळं उलटं बघतात. एकनाथ महाराजांच्या (1533–1599) कितीतरी गोष्टी नदी आणि घर यांच्या मधल्या वाटेवर घडतात. स्नान करून येताना अंगावर थुंकणारा माणूस, न चिडता पुन्हा पुन्हा गोदावरीत उतरणारे नाथ, तापल्या वाळवंटात रडणारं अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरातलं लेकरू आणि त्याला कडेवर घेणारे नाथ. ही शेवटची गोष्ट मी चैत्रात, सकाळी अकराच्या सुमाराला, घाटाच्या पायरीवर अनवाणी उभा राहून ऐकली. तळवे पोळत होते. शाळेच्या पुस्तकात दहादा वाचलेली गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

तिथून नागघाट, जिथं ज्ञानदेवांनी रेड्यामुखी वेद वदवल्याचं सांगतात. मग गल्ल्यांतून चढत नाथांच्या वाड्यात. आता तो वाडा म्हणजेच गावातलं नाथमंदिर. श्रीखंड्याच्या रूपात बारा वर्षं पाणी वाहणाऱ्या देवाचा रांजण इथं आहे. चंदन उगाळायची सहाणही दाखवतात. सांगणारा चांगला असेल तर "अशी श्रद्धा आहे" म्हणून रांजणाची कथा रंगवून सांगतो आणि त्याच दमात, 1584 साली नाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्ध प्रत सिद्ध केली हेही सांगतो. कथा आणि इतिहास दोन्ही हवेत, पण कुठलं काय ते ऐकणाऱ्याला कळायला हवं. गाईड पारखायची माझी हीच कसोटी आहे.

पैठणचं मोठेपण त्याहून जुनं, सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान असल्यापासूनचं. पण ते पायी फिरताना फारसं दिसत नाही, त्यासाठी बाळासाहेब पाटील संग्रहालयात जावं लागतं. नदीत पाणी किती असेल हे वरच्या जायकवाडी धरणाच्या 27 दरवाजांवर अवलंबून. पैठणीचा माग मात्र चुकवू नका. रंगारंगाच्या छोट्या कांड्या हातानं फिरवत विणकर पदरावरचा मोर भरतो, आणि कापड उलटवून दाखवलं तर मागूनही तो तस्साच.

खुलताबादची गोष्ट वेगळी. अर्ध्या दिवसाच्या पायपिटीत मराठवाड्यावर राज्य केलेल्या तीन सत्तांच्या कबरी इथं भेटतात. अहमदनगरच्या निजामशाहीचा हबशी पेशवा मलिक अंबर (मृत्यू 1626), मुघल बादशहा औरंगजेब (1707) आणि हैदराबादच्या निजामांचा मूळपुरुष पहिला आसफजाह (1748). अंबरनं 1610 मध्ये वसवलेल्या खडकीलाच, म्हणजे आजच्या संभाजीनगरला, पुढे औरंगजेबाचं नाव लागलं. आज दोघंही एकाच गावच्या मातीत आहेत. औरंगजेबाची कबर झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात, उघड्या आभाळाखाली. वर छत नाही, मधल्या मातीत सब्जाचं रोप. भोवतीची संगमरवरी जाळी लॉर्ड कर्झनच्या काळात निजामानं बसवली. एवढ्या मोठ्या बादशहाची एवढी साधी कबर पाहून बरोबरची मंडळी हमखास गप्प होतात. समोरच्या बुऱ्हानुद्दीन गरीब (मृत्यू 1337) यांच्या दर्ग्यात आसफजाह आहे.

मलिक अंबरचा मकबरा गावाच्या थोडा बाहेर. आमच्या पहिल्या फेरीत गाईडनं "लांब आहे" म्हणून तो टाळला, आणि मला ते अजून खुपतं. तुम्ही आधीच ठरवून घ्या: अंबर असेल तरच फेरी. गावातला भद्रा मारुतीही बघावा. झोपलेल्या रूपातला हनुमान सहसा बघायला मिळत नाही. फक्त शनिवार आणि हनुमान जयंती टाळा, रात्रभर चालत आलेल्या भाविकांची तेव्हा रीघ असते.

आता निवड. आई-वडील, लहान मुलं बरोबर असतील तर पैठण. अंतरं थोडी, बसायला जागा, आणि नाथांच्या गोष्टी आजीला नातवापेक्षा जास्त माहीत असतात. गाईड नाही मिळाला तरी दुकानदार, पुजारी, विणकर बोलत राहतात. नाथषष्ठीला, म्हणजे फाल्गुन वद्य षष्ठीला, जायचं तर वारीसाठीच जा. त्या गर्दीत गाव बघून होत नाही.

इतिहास वाचणाऱ्यांचा गट असेल तर खुलताबाद, आणि गाईडवर पैसे खर्च करायचेच असतील तर इथंच करा. जाणता माणूस बरोबर नसेल तर या कबरी म्हणजे नुसते दगड. उन्हाळ्यात आठच्या आत पोचा, फरशी तापते आणि दर्ग्यात चपला काढाव्या लागतात. डोक्यावर घ्यायला रुमाल आणि जवळ ओळखपत्र ठेवा.

अंबाजोगाईचं नाव मुद्दाम घेतलं नाही. मुकुंदराजांची समाधी, दासोपंतांची पासोडी, हत्तीखान्याची लेणी, बाराखांबी आणि योगेश्वरी एवढं सगळं एका दिवसात उरकणं म्हणजे त्या गावावर अन्याय. तिथं मुक्कामानं जा.