खोक्यावर तीन बँड, आत एकच : २४ रेडिओ आणि २१,०३९ रुपये

आधी हिशोब सांगतो, लाज नंतर. ६५० रुपयांचा एक असे २४ रेडिओ, १५,६००. ट्रान्सपोर्टचं भाडं ३८०, हमाली ६०. वर 'रिफंड'च्या नावाखाली गेलेले ४,९९९. एकूण २१,०३९. रेडिओ उघडून दुरुस्त करणाऱ्या माणसाला रेडिओच विकून गंडवलं, म्हणून चार महिने गप्प बसलो होतो. परवा कळलं की हाच माल आता जिंतूरकडे फिरतोय. मग म्हटलं, लिहावंच.

सॅम्पल घेऊन येणारा गोड बोलणारा माणूस, अर्धे पैसे आधी, बाकीचे बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची मालपावती, सोडवताना, मग फोन बंद. हा खेळ तुम्हालाही माहीत आहे, मलाही माहीत होता. तरी फसलो, कारण यात एक गोष्ट वेगळी होती. तो खोटं बोललाच नाही. जे बोलला ते माझंच रोजचं वाक्य होतं.

वसमतच्या बाजारात, भर दुपारी, दुकानाच्या ओट्यावर त्याने सेट ठेवला. जुन्या धाटणीचं लाकडी रंगाचं प्लास्टिक, पुढे जाळी, पट्टीवर एफएम, एमडब्ल्यू (मीडियम वेव्ह), एसडब्ल्यू (शॉर्ट वेव्ह) असे तीन बँड, हातात घेतला की भरभक्कम. एरियल ओढली, काटा फिरवला, आकाशवाणी नांदेड १०१.१ खणखणीत लागलं. मी म्हटलं, आकाशवाणी परभणी लावा, ते एमडब्ल्यूवर. बटण एमडब्ल्यूवर सरकवलं, काटा १३०५ वर आणला, नुसती खरखर. तो हसून म्हणाला, "भाऊ, तुमाला काय सांगावं, तुमी तर मिस्तरी. वर बघा की, एलईडीची माळ. हितं एमडब्ल्यू कसं लागंल?"

बरोबर होतं त्याचं. एलईडी दिव्याचा आतला ड्रायव्हर, मोबाईलचा स्वस्त चार्जर, इन्व्हर्टर हे सगळे मीडियम वेव्हवर घाण करतात. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की मी हेच सांगतो, दिवा बंद करा, मग ऐका. माझंच उत्तर त्याने मला दिलं आणि मी मान डोलावली.

चुकलो ते इथे, आणि हे डोक्यातून जात नाही. एमडब्ल्यूची खरखर आणि एफएमची खरखर वेगळी असते. स्टेशन नसलेल्या जागी एफएम 'शूऽऽ' करतं, नळाला पाणी यायच्या आधी हवा येते तसं, एकसारखं. एमडब्ल्यूवर दिव्याची घाण आली तर ती गुरगुरते, घरघरते, दिव्याजवळ सेट नेला की वाढते, लांब नेला की कमी होते. ओट्यावर ऐकू येत होतं ते स्वच्छ 'शूऽऽ'. एमडब्ल्यूच्या बटणावर एफएमचा आवाज! कानाने ऐकला, डोक्यापर्यंत पोचला नाही. सेट नुसता हातात धरून गोल फिरवला असता तरी कळलं असतं. एमडब्ल्यूला बाहेरची एरियल लागत नाही, आत काळी फेराइटची कांडी असते, तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. कांडी सहसा सेटच्या लांबीला समांतर बसवतात. म्हणून सेटचं तोंड किंवा पाठ परभणीकडे केली की आवाज भरतो, कड परभणीकडे केली की बसतो. पाच सेकंदांचं काम. केलं नाही.

माझी बाजू मांडतो, कोणाला पटो न पटो. ऑर्डर माझ्यासाठी नव्हती. गल्लीतली आणि शेजारच्या दोन गावांतली म्हातारी माणसं, रात्रीची लाईट आल्यावर मोटार चालू करायला शेतात जाणारी पोरं, सगळ्यांनी नावं दिली होती. एका सेटवर मी २० रुपये ठेवणार होतो. फार मोठा लोभ नव्हता.

८,००० आधी, फोनवरून. चार दिवसांनी ट्रान्सपोर्टला दोन डाग, म्हणजे खोकी, आले, ७,६०० भरून सोडवले. पावती होती, छापील, खाली जीएसटी नंबर, सुरुवातीला महाराष्ट्राचा २७ सुद्धा. तो नंबर १५ अक्षरी असतो, या पावतीवर १४ होती. कोण मोजतं? आता मी मोजतो. तुम्हीही मोजा, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकून नाव जुळतं का बघा, फुकट आहे.

बिंग फुटलं ते शेतात. आमच्याकडे डुकरं पिकात येऊ नयेत म्हणून कुंपणाच्या तारेला झटका मशीन लावलेली असते. ती साधारण सेकंदाला एक ठोका तारेत सोडते आणि आसपासच्या प्रत्येक खऱ्या रेडिओवर एमडब्ल्यूला 'टिक, टिक, टिक' असं ऐकू येतं. सगळे त्याला वैतागलेले. एक पोरगा सेट परत घेऊन आला. म्हणाला, "मामा, ह्याच्यात टिकटिक येत न्हाई, पण परभणी बी येत न्हाई." खऱ्या रेडिओत जो दोष असायलाच हवा, तो यात नव्हता. तिथेच पोटात गोळा आला.

मागचे चार स्क्रू, एक सेलच्या झाकणाखाली लपवलेला. उघडलं. फेराइटची कांडी नाही. तिच्या जागी गरम गोंदाने चिकटवलेली लोखंडाची पट्टी, वजनकाट्यावर ११० ग्रॅम. भरभक्कमपणा तो हाच! बँडच्या स्विचच्या सहा पायांपैकी दोघांनाच तार. बटण एमडब्ल्यूवर नेलं की ट्यूनिंगची तार सुटते, एफएमची चिप रिकाम्या जागी अडकून 'शूऽऽ' करत राहते. एसडब्ल्यूवरही तेच. स्पीकरची जाळी तीन इंची, आत स्पीकर दोन इंची.

सेलचं तर विचारूच नका. १८६५० मापाचा, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. वर छापलंय ५,००० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलची साठवण), खोक्यावर 'एका चार्जिंगमध्ये ५० तास'. या मापात चांगल्यातला चांगला सेल ३,५०० च्या आसपास जातो. त्याच्यावर ६,०००, ९,८०० असले आकडे दिसले की समजायचं, छपाई स्वस्त आहे. वजनावरूनही कळतं. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, हा २२. पूर्ण चार्ज करून मध्यम आवाजात लावला, सेट ९० मिलिअँपिअर ओढत होता, साडेसात तासांत गप्प. म्हणजे जेमतेम पावणेसातशे एमएएच. संरक्षणाची सर्किट नाही, चार्जिंगला लावल्यावर हात लावता येईना इतका तापला. असला सेट उशाशी चार्जिंगला लावून झोपू नका. सेलवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा, आर-नंबर (नोंदणी नंबर) असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये तपासता येतो. यावर नव्हताच.

आता ४,९९९. हे लिहिताना हात अडखळतो. मूळ नंबर बंद, मग पावतीवरच्या 'कस्टमर केअर'वर फोन केला. बाई अदबीने बोलली, 'सर, डिफेक्टिव्ह लॉट आहे, पूर्ण रिफंड मिळेल, क्यूआर पाठवते.' क्यूआर स्कॅन केला, रक्कम ४,९९९, पिन टाकला. पैसे यायला पिन कधीच लागत नाही, पिन फक्त पैसे जायला लागतो. घरातल्या पोरांना हे मीच शिकवलेलं. त्या दिवशी डोक्यात नुसता राग होता, १५,६०० परत यायची घाई होती. रागावलेला माणूस लवकर कापला जातो हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

मग सुरू झाली वरात. बँकेच्या शाखेत गेलो. 'पिन तुम्हीच टाकला ना?' हो. 'मग आम्ही काय करणार?' रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात बँकेला कळवायला तीन कामकाजाच्या दिवसांची मुदत आहे, तेवढ्यात कळवलं तर नुकसान आपलं नाही, पण चूक तिसऱ्याच कोणाची असेल तर. आपण स्वतः पिन दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच. ठीक, तेवढं मान्य. पण निदान अर्ज तरी घ्या! अर्ज घ्यायचा का नाही हे ठरवायला तीन टेबलं फिरलो. तिसऱ्या टेबलावर जेवणाची सुट्टी.

पोलीस ठाण्यात त्याहून भारी. पहिला प्रश्न, 'रेडिओ? आजकाल रेडिओ कोण ऐकतं?' दुसरा, 'माल मिळाला ना? मग हे दिवाणी.' अहो, तीन बँड सांगून एक दिला, कांडीच्या जागी लोखंड चिकटवलं, यात दिवाणी काय? तिसरा, 'नंबर दुसऱ्या राज्यातला आहे, तिकडे जा.' भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. हे मला नंतर कळलं, त्यांना आधीपासून माहीत असणार. उघडलेला सेट टेबलावर ठेवला, पट्टी दाखवली. एकाने ती हातात घेतली, तोलून बघितली, म्हणाला, 'वजनदार आहे की.' पोच मिळाली ती सहाव्या फेरीला, साध्या कागदावर, शिक्का अर्धाच उमटलेला.

ग्राहक आयोगाचं विचारलं तर ओळखीच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, पण २०१९ च्या कायद्यात पुन्हा विकायला घेतलेल्या मालाचा घेणारा 'ग्राहक' धरत नाहीत. माझे ते २० रुपये तिथे आडवे आले. गटाने वस्तू मागवत असाल तर ज्याची वस्तू त्याच्या नावाने पावती घ्या, बारक्या रकमेची असली तरी.

पैसे ऑनलाइन गेले की आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन, मग बाकी सगळं. पहिल्या तासात फोन झाला तर पैसे पुढच्या खात्यात अडकवता येण्याची शक्यता असते. मी दुसऱ्या दिवशी केला, कारण रात्रभर बायकोला कसं सांगायचं याचाच विचार चालला होता.

रेडिओ घ्यायचाच असेल तर दिवसा घ्या. रात्री एमडब्ल्यूवर लांबची स्टेशनं घुसतात, शिट्ट्या येतात, आणि विकणाऱ्याला सबब मिळते. दुकानदाराला दिवे बंद करायला लावा, नाही केले तर सेट रस्त्यावर, विजेच्या तारांपासून लांब न्या. पत्र्याच्या शेडमध्ये तपासू नका, पत्रा एमडब्ल्यू अडवतो. परभणी लावा, सेट गोल फिरवा, आवाज बसला-उठला पाहिजे. एरियल आत सारून बघा, एमडब्ल्यूला फरक पडायला नको. रोजच्या ऐकण्याला माझं मत विचाराल तर बाजारात मिळणारे मोठे दीड व्होल्टचे सेल लागणारा साधा सेट बरा. मध्यम आवाजात तो ३०-४० मिलिअँपिअरवर चालतो, सेल आठवडे जातात, आणि संपले तर किराणा दुकानात मिळतात. फक्त जुना-नवा सेल एकत्र घालू नका, आणि महिनाभर लावणार नसाल तर काढून ठेवा. सेल फुटून स्प्रिंगा खातो, दुरुस्तीला येणाऱ्या सेटपैकी अर्धे तेवढ्यासाठीच येतात.

लोकांचे पैसे मी परत केले, सगळ्यांचे. सेट सगळे उघडून ठेवलेत. पट्ट्या २४, वजन २ किलो ६४० ग्रॅम. भंगारवाला ३० रुपये किलोने ७९ रुपये देतो म्हणाला. दिल्या नाहीत, पंचनाम्याला लागतील म्हणून. पंचनाम्याला अजून कोणी आलेलं नाही.