छोटे मशीन स्क्रू: भंगारातले बरे की नवे?

दुकानात एम३ चे (म्हणजे ३ मिमी जाडीचे, मेट्रिक मापाचे) चार स्क्रू मागितले की बऱ्याचदा शंभराचं पाकीट पुढे येतं, आणि जुन्या बाजारात किलोवर मूठभर मिळतात पण त्यात एकसारखे चार निघतीलच असं नाही. खरा प्रश्न हाच आहे, गंजबिंज नंतर.

एकाच मापाचे आठ-दहा लागणार असतील तर डोळे झाकून नवे घ्या. रास्पबेरी पाय (छोटा एका बोर्डाचा कॉम्प्युटर) बसवायचा असेल तर एम२.५ लागतो, तो ढिगात शोधत बसलात तर संध्याकाळ जाते आणि तीन जुळले की चौथा नेमका २ मिमी लांब, तो खाली जाऊन भलत्याच ठिकाणी टेकतो.

जुन्याची मजा वेगळी. ब्रिटिश बनावटीच्या जुन्या रेडिओत, मीटरमध्ये बीए (जुन्या ब्रिटिश मापाचे) आटे असतात, त्यात आपला एम वाला एखाद-दोन फेरे जातो आणि अडकतो, आणि तसला स्क्रू साध्या हार्डवेअरच्या दुकानात मागितला तर दुकानदार आपल्याकडेच बघत बसतो. अशा वेळी पुण्याचा जुना बाजार (बुधवार नाहीतर रविवार) किंवा घरातलं बंद पडलेलं एखादं यंत्र हेच खरे सोर्स. त्यातही स्वतः खोललेलं यंत्र कधीही बरं, एका जातीचे स्क्रू एकत्र मिळतात आणि कुठून काढले ते माहीत असतं.

पण कॉम्प्युटरचा जुना कॅबिनेट खोलताय तर सांभाळून! त्यात दोन जाती मिसळलेल्या असतात. ३.५ इंची हार्डडिस्कचे ६-३२, म्हणजे इंचाला ३२ आटे, आणि २.५ इंची एसएसडीचे एम३, ज्याचे आटे ०.५ मिमीवर. ६-३२ चे आटे जवळपास ०.८ मिमीवर. दोन स्क्रू आट्यात आटा घालून उजेडासमोर धरा, मधून फट दिसली की जात वेगळी. हे न बघता ६-३२ एम३ च्या भोकात दामटला की आटे गेलेच.

डोक्यावरची स्टारची खाच गोल झालेली असेल तर तो स्क्रू फुकट मिळाला तरी नको. वरवरचा गंज व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवून जातो, पण सोबत झिंकचा थरही जातो, त्यामुळे धुऊन पुसून तेल लावलं नाही तर पुन्हा गंज चढतो. मोटर, पंखा, थरथरणारं काहीही, किंवा विजेचं अर्थिंग, तिथे मी जुना लावत नाही. नायलॉनवाला नट (आत नायलॉनची कडी असलेला) तर नवाच, एकदा काढला की त्याची पकड कमी होते.

माझ्यापुरतं, एम२.५, एम३ आणि एम४ नवे डबीत, बाकी सगळं भंगारातलं. बाजारात जाताना खिशात हव्या त्या मापाचा एक चांगला नट ठेवतो, स्क्रूवर बोटांनी शेवटपर्यंत फिरला तर तो स्क्रू घ्यायचा, पान्हा लागला की परत ढिगात.