बोब्लिंगेनच्या वकीलबाई आणि विमा कंपनीची कात्री

जर्मनीतल्या आमच्या या वकीलबाईंना पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

आमची सात वर्षांची ऑक्टाव्हिया सिग्नलला उभी असताना मागच्याने ठोकली. बंपर, डिक्कीचं झाकण, आतला पत्रा, सगळं गेलं. चूक पूर्णपणे त्याची. लगेच त्याच्या विमा कंपनीचा गोड आवाजात फोन: तुम्ही काहीच करू नका, आमचा माणूस पाहणी करेल, आमचंच गॅरेज गाडी घेऊन जाईल. पुण्यात सर्व्हेअरच्या मागे फिरलेल्या माणसाला हे ऐकून भरूनच येतं. वकीलबाई म्हणाल्या, "पैसे ज्यांनी द्यायचे, नुकसानही त्यांनीच मोजायचं?"

त्यांनी आधी स्वतंत्र गुटआख्टर, म्हणजे नुकसान मोजणारा तज्ज्ञ, लावायला सांगितला. समोरच्याची चूक स्पष्ट असेल तर या तज्ज्ञाची आणि वकिलाची फी समोरचाच विमा भरतो, हे इथल्या आपल्या कित्येक लोकांना माहीतच नसतं. किरकोळ ओरखडा असेल, साधारण साडेसातशे युरोंच्या आतला, तर मात्र गॅरेजचा खर्चाचा अंदाज पुरतो.

दुरुस्ती न करता अंदाजाप्रमाणे रोख पैसेही घेता येतात. पण मग 19 टक्के व्हॅट मिळत नाही, आणि कंपनी स्वस्त गॅरेजचे दर पुढे करते. त्यावर कार्ल्सरूहच्या संघीय न्यायालयाचा 2009 चा निकाल आहे: गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी असली तरी सर्व्हिसिंग कायम गाडीच्या ब्रँडच्या अधिकृत गॅरेजमध्ये झालं असेल, तर तिथलेच दर मागता येतात. म्हणून बाईंनी सगळ्यात आधी सर्व्हिस बुक मागितलं. आम्ही शेवटी दुरुस्तीच केली.

खरी मजा बिल पाठवल्यावर. कंपनीने 'तपासणी अहवाल' जोडून कात्री चालवली: रंगकामासाठी गाडी दुसरीकडे नेण्याचा खर्च नको, मजुरीचे तास जास्त लावलेत. मी गॅरेजवाल्याशी भांडायला निघाले होते. बाईंनी थांबवलं. 16 जानेवारी 2024 ला त्याच न्यायालयाने एकाच दिवशी पाच निकाल दिलेत: गॅरेजने जास्त लावलं, अगदी न केलेल्या कामाचे पैसे लावले, आणि गिऱ्हाइकाला ते कळणं शक्य नव्हतं, तर तो धोका अपघात करणाऱ्याचा. आम्ही बिल भरलं नव्हतं, म्हणून बाईंनी उरलेली रक्कम थेट गॅरेजच्या खात्यात मागितली आणि गॅरेजविरुद्धचा आमचा हक्क कंपनीला लिहून दिला. आता भांडायचं तर त्यांनी भांडावं! कोर्टात न जाता पूर्ण पैसे आले.

ओळखीतल्या एकाची जुनी पोलो 'टोटल', म्हणजे दुरुस्ती परवडणार नाही अशी, ठरवली होती. तीही बाईंनी वाचवली: दुरुस्ती तशाच गाडीच्या बाजारभावाच्या 130 टक्क्यांपर्यंत मिळते, फक्त तज्ज्ञाच्या अहवालाप्रमाणे पूर्ण करून घ्यायची आणि गाडी पुढे सहा महिने वापरायची.

आता तक्रार. फोन कधीच उचलत नाहीत. सगळं टपालाने, जाड जर्मनमध्ये. 'पत्र मिळालं' एवढंच सांगायला दोन पानं. बोलतात मात्र नीट इंग्रजीत, आणि घाई करत नाहीत.

एक लक्षात ठेवा, चूक अंशतः तुमची असेल तर फीचा हिशेब पहिल्याच भेटीत विचारा. समोरचा विमा मग तुमचं सगळं उचलत नाही.